साठ गुणांची स्वेच्छा

माणसाला घरी जायचं आहे की नाही हे त्याला नुसतं विचारून कळत नाही, असा शोध लागला तेव्हा शर्विल धाकोरकर चपलांच्या दुकानात राहत होता.

दुकान म्हणजे पूर्वीचं दुकान. घाटावरच्या त्या शहरातला सर्वांत मोठा मॉल बंद पडला आणि पुढच्याच वर्षी खाली कोकणात राडा झाला. त्यामुळे सरकारला रिकामी इमारत आणि बेघर माणसं एकाच वेळी सापडली. शासनाच्या आयुष्यात असा योग फार क्वचित येतो. कासरवंड गावची त्रेचाळीस कुटुंबं मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर उतरवण्यात आली, 'तात्पुरती', आणि त्या तात्पुरतेपणाला यंदा नऊ वर्षं पूर्ण होत होती.

धाकोरकरांच्या वाट्याला चपलांचं दुकान आलं. शर्विलच्या आईने, सायलीने, 'लहान मुलांसाठी' असं लिहिलेल्या फळीवर डाळ-तांदळाचे डबे मांडले आणि 'लग्नसराई'च्या फळीवर अंथरुणं ठेवली. गावचे गुरव प्रथमेशकाका शेजारी कपड्यांच्या दुकानात होते. त्यांनी ट्रायल रूममध्ये देवघर केलं. तिथे तिन्ही बाजूंना आरसे असल्यामुळे एका निरांजनात चार आरत्या उरकत. बंद सरकत्या जिन्याच्या पायऱ्यांवर बायका मिरच्या वाळवत. नऊ वर्षांत तो जिना एकदाच, आणि चुकून, सुरू झाला. त्या दिवशी पाच किलो मिरची आपोआप पहिल्या मजल्याला गेली आणि तिथल्या लोकांनी ती परत दिली नाही. एवढा एक प्रसंग सोडला तर मॉलमध्ये शांतता होती.

राडा नेमका कशावरून झाला यावर तीन आयोग बसले होते आणि तिन्ही अजून उठलेले नव्हते. ढोबळ मानाने सांगायचं तर वर धरण होतं, खाली खाडी होती आणि मधल्या गावांनी गोडं पाणी कोणाचं मानायचं हा प्रश्न होता. कासरवंडात निम्मी घरं धरणवाल्यांची आणि निम्मी खाडीवाल्यांची. एकाच शाळेत शिकलेली, एकाच जत्रेत हरवलेली ही माणसं दोन वर्षं एकमेकांची घरं जाळत होती. सरकारी कागदांत याला 'घटनाक्रम' म्हणत, वर्तमानपत्रांत 'यादवी', आणि कासरवंडकर नुसतं 'ता झाला तेवा' म्हणून पुढे जात. खाडीवाली घरं पळाली. तीच ही त्रेचाळीस.

मग समझोता झाला. त्यात एक अट होती, आणि ती चांगली होती: परत जाणारा स्वेच्छेने परत गेला पाहिजे. कोणी कोणाला ट्रकात कोंबायचं नाही. पूर्वी जगात असे ट्रक भरून झाले होते आणि प्रत्येक ट्रकामागे रीतसर सह्यांचा गठ्ठा होता. सही हा स्वेच्छेचा पुरावा नव्हे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पुरावा कोणता, यावर मात्र कोणाचंच होईना. तेव्हा यंत्र आलं.

यंत्राला स्वेच्छामापक म्हणत. मॉलमध्ये त्याचं नाव 'घंटी' पडलं, आणि ते अधिक बरोबर होतं. त्यात एक टोपी, एक बटण आणि एक घंटी एवढंच असे. बटण दाबलं की पाव सेकंदाने घंटी वाजे. आता गंमत अशी आहे की तो पाव सेकंद सगळ्यांना सारखा वाटत नाही. माणसाने स्वतःच्या मनाने बटण दाबलं तर मेंदू कृती आणि परिणाम एकमेकांजवळ ओढून घेतो. घंटी लगेच वाजली असं वाटतं. तेच बटण दुसऱ्याच्या हुकमावरून दाबलं तर मधलं अंतर लांबतं आणि घंटीच्या आवाजाला मेंदूचा प्रतिसादही फिका येतो, जणू शेजाऱ्याच्या दाराची बेल वाजली. मालकी वाटणं आणि न वाटणं याची ही खूण मेंदू स्वतःच सोडून जातो. ती खोटी करता येत नाही, कारण ती आपण करतोय हेच आपल्याला ठाऊक नसतं.

टोपीतले बत्तीस संवेदक ही खूण टिपत. आधी माणसाला दहा वेळा मर्जीप्रमाणे बटण दाबायला लावायचं, मग दहा वेळा हुकमावरून. त्यावरून त्या माणसाची स्वतःची पट्टी आखून घ्यायची. आणि मग विचारायचं: तुम्हांला परत जायचं आहे का? असेल तर दाबा. यंत्र शंभरपैकी गुण देई. साठ आणि वर म्हणजे स्वेच्छा. साठच का, याचं शास्त्रीय कारण कुठे नोंदलेलं नाही. प्रत्यावर्तन प्राधिकरणातले सगळे अधिकारी प्रथम वर्गात उत्तीर्ण झालेले होते एवढंच.

शर्विलला या यंत्रावर नोकरी लागली. तो छत्तीस वर्षांचा, पदवीधर, आणि दोन्हीकडची भाषा येणारा. घरी आईची मालवणी, कार्यालयात छापील मराठी. फूड कोर्टात, जिथे पूर्वी नूडल्स मिळत तिथे, त्याचं टेबल होतं. त्याच्या मागच्या भिंतीवर नियमावली लावलेली होती आणि तिचं सातवं कलम त्याला पाठ होतं: 'मापकाने स्वतःची स्वेच्छा स्वतः मोजू नये.' शर्विलला हे कलम फार आवडे. आपल्या अर्जावर त्याने 'विचाराधीन' असं लिहिलं होतं आणि मापन होत नसल्यामुळे विचार करण्याचीही घाई नव्हती.

आजूबाजूच्या गावांची माणसं सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी गुण मिळवून खाली गेली. मग कासरवंडची पाळी आली. पहिल्या माणसाला अकरा गुण पडले. दुसऱ्याला चौदा, तिसऱ्याला नऊ. संध्याकाळपर्यंत सगळा गाव नापास झाला होता.

शर्विल घरी आला तेव्हा आई भाकऱ्या थापत होती.

"आई, तुला सात गुण मिळाले."

"शंभरातले?"

"शंभरातले."

"गणितातसुद्धा माका ह्याच्यापरास जास्त होते." तिने भाकरी उलटली. "आणि हय घरात साहेबासारखो बोला नको. जीभ आखडात."

"तुला परत जायचं नाही का?"

"असा कोण म्हणता?"

"यंत्र म्हणतं."

"तेका काय म्हायत? ता कदी कासरवंडात गेलला असा?"

"मग जायचं आहे?"

"ता माका कित्याक इचारतंस? देवीक इचार."

शर्विलने हातपाय धुतले आणि मुकाट्याने जेवायला बसला. नऊ वर्षांत या वाक्यापुढे कोणी गेलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉ. ऋजुता इनामदार स्वतः आल्या. मेंदूविज्ञानातल्या मोठ्या नावाच्या बाई, प्राधिकरणाच्या सल्लागार. बोलणं कोरडं आणि चालणं भरभर. त्यांनी आकडे पाहिले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"त्रेचाळीस कुटुंबं आणि सगळे वीसच्या खाली. शर्विल, या लोकांवर कोणाचा तरी दबाव आहे."

"कोणाचा, मॅडम?"

"तेच तुम्ही मला सांगा. गावात कोणाचं चालतं?"

"देवीचं."

"कुठे असतात त्या?"

"कासरवंडला, देऊळवाडीत."

"म्हणजे त्या मागेच राहिल्या?"

"हलवता आल्या नाहीत. पाषाणाच्या आहेत."

डॉ. इनामदारांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि वहीत लिहिलं: 'निर्णयावर बाह्य प्रभाव: एक, स्थावर.'

प्राधिकरणाने आधी स्वतःच्या पद्धतीने उपाय केला. 'मनापासून निर्णय कसा घ्यावा' या विषयावर तीन दिवसांचं शिबिर ठेवण्यात आलं. उपस्थिती सक्तीची होती. शिबिरानंतर कासरवंडची सरासरी तेरावरून नवावर आली.

आणि दिवस थोडे उरले होते. खाली जाणाऱ्या बसगाड्या एकतीस ऑक्टोबरपर्यंतच होत्या. त्यानंतर डागडुजी करून ठेवलेली रिकामी घरं दुसऱ्या विस्थापितांना दिली जाणार होती आणि जे साठला पोहोचले नाहीत त्यांना 'कायमस्वरूपी वसाहत' मिळणार होती. वसाहत म्हणजे हाच मॉल, फक्त फलक नवा. सायली धाकोरकरचं घर, त्यामागची विहीर आणि तिने लावलेल्या सात माडांची मालकी एका घंटीवर लटकत होती आणि ती बाई मिरच्यांची देठं काढत बसली होती.

"तिका सांगान काय उपेग नाय," प्रथमेशकाका शर्विलला म्हणाले. "कौल लावल्याशिवाय कोण कसो ठरवतलो? तुझ्या आजयेन वासराक नाव ठेवताना कौल लावललो."

डॉ. इनामदारांना कौल समजावून सांगावा लागला. देवीच्या मूर्तीला दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या. गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने गुरवाने मोठ्याने देवीला प्रश्न विचारायचा आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला आपलं म्हणायचं. मग वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"मग इथेच लावा ना," बाई म्हणाल्या. "ट्रायल रूममध्ये फोटो आहे देवीचा."

"फोटोक लावन काय उपेग?" प्रथमेशकाका म्हणाले. "फोटोवरची पाकळी गुरुत्वाकर्षणान पडता."

"आणि मूर्तीवरची?"

"ती देवीच्या मनान."

 डॉ. इनामदारांनी नियमावली चाळली. कलम एकोणीसप्रमाणे परतणाऱ्यांना आधी गाव पाहून येण्याचा हक्क होता. त्याला पाहणी दौरा म्हणत. घरं उभी आहेत का, विहिरीत पाणी आहे का, हे प्रतिनिधींनी पाहून यायचं. देव जागेवर आहे का हे पाहू नये, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"चार जण," त्या म्हणाल्या. "गुरव, तुमच्या आई, तुम्ही आणि मी. यंत्र बरोबर घ्या."

"मी कशाला, मॅडम?"

"यंत्र तुम्हीच चालवता म्हणून. आणि जाता जाता तुमच्या बदलीचंही बोलू. विभागीय प्रशिक्षक. सात छावण्या, पक्की नोकरी, शहरात घर."

चोवीस ऑक्टोबरला सकाळी गाडी घाट उतरली. सायलीने खास पेटीतली साडी नेसली होती.  कासरवंडची पाटी दिसली तेव्हा ती म्हणाली, "पाटी नवीन केली हत. रंग बरो नाय."

देवळाच्या पायरीवर एक माणूस बसला होता. साठीपुढचा, गुडघ्यापर्यंत पंचा, हातात तांब्या. त्याला पाहून सायलीची चाल मंदावली.

"ओंकार सावंत," शर्विल हळू आवाजात डॉ. इनामदारांना म्हणाला. "धरणवाल्यांपैकी. आईच्या वर्गात होता. आमचं घर जाळणाऱ्यांत होता म्हणतात. कोणी म्हणतात नव्हता. तिसरा आयोग त्यावरच बसलाय."

ओंकारने चौघांना पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला.

"इलात?" तो म्हणाला.

"बघूक इलंव," सायली म्हणाली. "रवाक नाय."

प्रथमेशकाका सरळ गाभाऱ्यात गेले. नऊ वर्षांनी येणाऱ्या माणसाला तिथे जळमटं, वटवाघळं आणि कोरडी समई अपेक्षित होती. मूर्ती धुतलेली होती. समई लागली होती. कोपऱ्यात केरसुणी होती, आणि तीही झिजलेली. ते बाहेर आले.

"रोज कोण न्हाणयता?"

"मीच," ओंकार म्हणाला. "देवीक पारोशी कशी ठेवतलंव? तुमी तर पळालात."

"आणि कौल?"

"छ्या! कौल लावचो मान गुरवाचो. नऊ वर्षांत गावात एकाचा लग्न कौल लावन ठरूक नाय. तशीच जमवतत. दोन मोडली."

मग तो सायलीकडे वळला, पण बोलला तांब्याकडे बघत. "तुझ्या माजघराचा दार माझ्याकडे असा."

"माका ठावक असा. तूच नेलंस."

"जळत होता म्हणान काढलंय. तुझ्या आजोळच्या फणसाचा दार ता. जळूक दिलंय असतंय?"

"बाकीचा घर जळत होता ता दिसूक नाय तुका?"

"दार एकट्याक उचालता येय होता," ओंकार म्हणाला.

 डॉ. इनामदारांनी वहीत काहीतरी लिहायला सुरुवात केली आणि मग वही मिटली.

कौलाची तयारी झाली. मॉलच्या फूड कोर्टात मोठ्या पडद्यासमोर सगळं गाव जमलं होतं. शर्विलने फोन खांबाला बांधून जोडणी करून दिली. घाटावरून खाली आवाज पोहोचायला दोन सेकंद लागत. डॉ. इनामदारांनी विनंती केली की सायलीताईंनी टोपी घालूनच कौल पाहावा. सायलीने टोपीकडे पाहिलं, मग देवीकडे पाहिलं, आणि टोपी घालून तिच्यावर पदर घेतला.

प्रथमेशकाकांनी पाकळ्या लावल्या. ट्रायल रूममध्ये नऊ वर्षं दबलेला आवाज त्यांनी मोकळा सोडला.

"गे माऊली! आज तुझी लेकरा घाटार जाऊन पडली हत, चपलांच्या दुकानात ऱ्हवतत, कपड्यांच्या दुकानात ऱ्हवतत..."

"व्हय म्हाराजा," सायली आणि शर्विल म्हणाले. दोन सेकंदांनी घाटावरून त्रेचाळीस घरं म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"...तेनी परत आपल्या घराक येवचा काय नाय, ता तूच सांग गे!"

"व्हय म्हाराजा."

सगळे पाकळ्यांकडे पाहू लागले. बरोब्बर एक मिनिट गेलं. डावी पाकळी हलली, सुटली आणि खाली पडली.

दोन सेकंदांनी फूड कोर्टातली कुजबुज थांबली. शर्विलने आईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. टोपीतून डॉ. इनामदारांच्या हातातल्या पडद्यावर उमटणारी रेघ मात्र चढता चढता अचानक तुटल्यासारखी खाली आली होती.

"म्हणजे संपलं?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज शास्त्रज्ञाला न शोभेल इतका पडला होता.

"संपला कसा?" प्रथमेशकाका दुसऱ्या पाकळ्या निवडत म्हणाले. "प्रश्न चुकलो."

"पण उत्तर 'नाही' आलं ना? नको ते उत्तर आलं की तुम्ही प्रश्न बदलता?"

"तुमच्या प्रयोगशाळेत काय करतत?"

डॉ. इनामदारांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तेच करतो," त्या म्हणाल्या.

आता काय चुकलं यावर चर्चा सुरू झाली. ती दोन सेकंदांच्या अंतराने दोन ठिकाणी चालली होती, त्यामुळे सगळे एकदम बोलत होते. घाटावरून कोणीतरी सुचवलं की तारीख घालून विचारा. कोणी म्हणालं, आधी नवस फेडायचा राहिलाय. एका म्हाताऱ्याने आपल्या भावाने सत्तावीस वर्षांपूर्वी देवीचा नारळ परस्पर खाल्ल्याचं जाहीर केलं. भाऊ शेजारीच बसला होता. डॉ. इनामदार पडद्यावरच्या रेघेकडे पाहत होत्या. मॉलमधल्या मापनात सपाट पडून राहिलेली ती रेघ या गोंधळात हळूहळू वर सरकत होती. शर्विलच्याही ते ध्यानात आलं. ही माणसं निर्णय देवीवर सोपवून मोकळी होत नव्हती. ती तिच्यासमोर बसून तो घडवत होती, आणि यंत्राने त्यांना या बैठकीच्या आधीच गाठलं होतं. पेरणीआधी उत्पन्न मोजावं तसं.

 सायली एकदम उठली.

"ओंकार, हय ये."

ओंकार पायरीवरच उभा होता. "माका कित्याक?"

"गाऱ्हाण्यात उभो रव. आमी येवचा काय ता आमी इचारला. तुमी आमका घेवचा काय, ता कोणी इचारूचा?"

"तुमका कोण अडवता?"

"नऊ वर्षांमागे कोणीतरी अडवल्यान होता."

ओंकारने मान खाली घातली. पायांत चपला नव्हत्याच, तरी त्याने पाय पायरीला पुसले. मग तो आत आला आणि सायलीपासून दोन हात अंतर ठेवून उभा राहिला. त्याच्या मागोमाग, इतका वेळ विहिरीच्या आडून बघत असलेली धरणवाल्यांची चार-पाच माणसं आली. आपण सहज आलो आहोत असं त्यांनी चेहऱ्यावरून दाखवलं.

पाकळ्या पुन्हा लागल्या.

"गे माऊली! हेनी येवचा आणि तेनी घेवचा! मागे जा काय झाला ता झाला नाय असा कोण म्हणना नाय! पण हेंच्या चुलीक तेंनी इस्तव देवचो, आणि तेंच्या पोरांच्या लग्नाचो कौल हेंनी लावचो! ह्या तुझ्या मनात असा तर उजवो दी गे!"

"व्हय म्हाराजा," ओंकार म्हणाला. त्याचा आवाज सगळ्यांत आधी आला आणि सगळ्यांत घोगरा होता. दोन सेकंदांनी घाट म्हणाला, "व्हय म्हाराजा."

पाकळ्या चिकटून होत्या.  डॉ. इनामदारांच्या पडद्यावरची रेघ त्यांनी आजवर पाहिली नव्हती तिथे पोहोचली होती. उजवी पाकळी सुटली.

शर्विल गर्दीतून वाट काढत बटण घेऊन पोहोचायच्या आत आईने ते त्याच्या हातातून ओढून घेतलं. तिने बटण दाबलं. घंटी वाजली.

"किती वेळाने वाजली, सायलीताई?" डॉ. इनामदारांनी विचारलं.

"मी दाबूच्या आदीच वाजली गो!"

चौऱ्याण्णव.

फूड कोर्टात प्राधिकरणाने दुसरं यंत्र देऊन बसवलेल्या बदली मापकासमोर रांग लागली. पुढच्या दोन दिवसांत सगळं कासरवंड पास झालं. सर्वांत कमी एकसष्ट गुण होते, पण तो घरजावई होता. डॉ. इनामदारांनी नंतर मार्गदर्शिकेत एक ओळ घातली: 'मापनापूर्वी स्थानिक निर्णयप्रक्रिया पूर्ण होऊ द्यावी. पाकळ्या ताज्या असाव्यात.'

पण हे नंतरचं. देवळात त्या वेळी माणसं एकमेकांशी बोलायला निमित्त शोधत होती. ओंकार सायलीला म्हणाला, "दार उद्या बसवन देतंय. चौकट मातर नवी करूक होयी." सायली म्हणाली, "फणसाचीच कर." आणि मग तिला काहीतरी आठवलं.

"गुरवानू, एक रवला. माझ्या झिलाचो लावा."

"आई, नको," शर्विल म्हणाला.

"तू गप रे. मॅडमनी तुका नोकरी दिली हा ता माका ठावक असा. मागच्या शिटार बसलंय म्हणान माका काय आयकाक येणा नाय?"

डॉ. इनामदार देवळाच्या छपराचं निरीक्षण करू लागल्या.

प्रथमेशकाकांनी पाकळ्या लावल्या. "गे माऊली! ह्या बायेचो एकुलतो झील, मोठो शिकललो, तो हिच्या वांगडा घराक येतलो काय? येतलो असात तर उजवो दी!"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. शर्विल सोडून.

तो हात बांधून उभा होता. विभागीय प्रशिक्षक. सात छावण्या. सात छावण्यांत अशी हजारो माणसं टोप्या घालून बसलेली असतील, आणि त्यांच्यासमोर तो, ज्याने आपला अर्ज 'विचाराधीन' ठेवला आहे. विहिरीकडच्या बाजूने ओल्या मातीचा आणि शेणीच्या धुराचा वास येत होता. पाकळ्या हलत नव्हत्या. आपण उजव्या पाकळीकडे बघतो आहोत हे शर्विलच्या लक्षात आलं, आणि केव्हापासून ते मात्र आठवेना.

डावी पडली.

 सायलीने पदर नीट केला, टोपी काढून यंत्राच्या पेटीत ठेवली आणि पेटीचं झाकण लावलं. "बरा," ती म्हणाली. "देवीन सांगल्यान." प्रथमेशकाका पडलेली पाकळी उचलायला वाकले.

"प्रश्न चुकलो," शर्विल म्हणाला.

सगळे वळले. गाऱ्हाण्यातला होकार सोडला तर नऊ वर्षांत त्याने चारचौघांत मालवणी उच्चारली नव्हती.

"काय चुकलो?" आई म्हणाली.

"माझो कौल लावलंस. माका इचारलंस खंय?"

सायली त्याच्याकडे बघत राहिली. "मेल्या," ती म्हणाली, "नऊ वर्षां चपलांच्या दुकानात माझ्याच बाजूक निजतंस. तोंड होता मा तुका?"

ओंकार हसला. आधी तोंड फिरवून, मग उघडच. प्रथमेशकाकांनी तबकातून दोन नव्या पाकळ्या निवडल्या आणि तांब्यात बुडवल्या.

"मगे तूच बोल," ते म्हणाले. "काय इचारू?"

शर्विलने यंत्राची पेटी उचलून पायरीवर ठेवली. डॉ. इनामदारांनी ती आपल्याकडे ओढून घेतली आणि उघडली नाही. गाऱ्हाणं त्याने लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलं होतं आणि स्वतः एकदाही घातलं नव्हतं. त्याने हात जोडले. घसा खाकरला.

"गे माऊली," तो म्हणाला, आणि आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "माका हय येवचा असा. आवशीसाठी नाय, माझ्यासाठी. हेनी घेवचा!"

"व्हय म्हाराजा," ओंकार म्हणाला. मग सायली म्हणाली, मग विहिरीकडची माणसं. दोन सेकंदांनी घाटावरून त्रेचाळीस घरं म्हणाली.

पाकळ्या अजून गुरवाच्या हातातच होत्या.